लिंबाच्या मापाने

श्रावण संपत आलेला, अंगाला बनियनसुद्धा सोसवत नाही,
आणि मी गांधीबागेत लोकर मागतेय.
दुकानदार म्हणाला, "काहून मावशी, आतापासूनच स्वेटर?"
"बैल करायचा आहे."
"किती वजनाचा?"
तेच तर विचारायला आले होते, बाप्पा.

मागच्या तान्ह्या पोळ्यात, शेजारच्या रिधानच्या
लाकडी नंदीचं शिंग त्याच्याच भुवईत घुसलं.
तीन टाके.
यंदा त्याला मऊ बैल हवा,
मऊ, पण चाकांवर ताठ उभा राहणारा.
मी हो म्हणून बसले.

सुताचं असतं तर झोपेतही सांगितलं असतं.
तांडापेठेतल्या आमच्या घरी बाबा
भिंतीवर कोळशाने आकडे मांडायचे:
नऊवारीला इतके तार, काठाला इतकं रेशीम,
वर बोटभर, तुटीसाठी.
लुगडं मागावरून उतरलं की कांडीवर
गाठीपुरता धागा उरलेला असे.
धाग्याला टोक असतं, म्हणून तो मोजता येतो.
लोकरीला टोकच नाही.
पिशवीभर घ्या, काटेरी सुईने टोचत बसा,
मूठभर होते. अजून टोचा,
आणखी आत जाते.
कुठे जाते, सुईला ठाऊक.

मग एक गोळा करून पाहिला.
नागपूरची असून संत्र्याएवढा नाही, लिंबाएवढा.
इतवारीत मोरेश्वर सराफाच्या काट्यावर ठेवला.
त्याने आधी चष्मा पुसला,
मग माझ्याकडे पाहिलं,
मग काचेची दारं लावली, वारा लागू नये म्हणून.
"सहा ग्रॅम, ताई. घडणावळ नाही घेत."

घरी येऊन गॅसच्या बिलामागे बैल मांडला.
पोट चाळीस लिंबं.
पाय बारा. डोकं सहा. वशिंड दोन.
साठ लिंबं, तीनशे साठ ग्रॅम,
कान, शेपूट, शिंगं चिल्लरीत.
पांढरी महाग, ती वरून लावायला दोनशे.
पोटात कोणती आहे ते कोण पाहणार?
तिथे हिवाळ्यात उमरेड रोडच्या काठेवाड्याकडून
घेऊन ठेवलेली मेंढीची राखाडी.
घेतली तेव्हा चारशे भरली होती.
धुतली, तर बादलीत माती, लेंड्या, गोखरू,
आणि दोरीवर एकशे ऐंशी.
तरी जमत होतं. वीस ग्रॅम वर.
बाबांचं बोटभर.

पंखा बंद करून बसायचं,
नाहीतर बैल खोलीभर उडतो.
घाम नाकावरून स्पंजावर.
दोन सुया मोडल्या, एक माझ्या अंगठ्यात.
पाय उभे राहीनात,
टोचत गेले तसे आवळत गेले,
बारा लिंबांचे पाय अठरा लिंबं खाऊन बसले.
तेव्हा कळलं काय चुकलं ते.
काट्यावर ठेवलेलं माझं लिंबू पिकलेलं होतं,
बैलाला कच्चं हवं होतं.

पोट चाळिसाचं अठ्ठावीसवर आणलं.
मान आखूड केली.
वशिंडाला राखाडीच वापरावी लागली,
वर पांढऱ्याचा पातळ थर,
उन्हात धरला तर आतला ढग दिसतो.
शेपटीला काहीच उरलं नाही,
सुतळी उकलून लावली.

पोळ्याच्या पाडव्याला रिधान आला.
बैल उचलला, गालाला लावला,
शिंग दाबून पाहिलं,
भुवईवरच्या टाक्यांना हळूच टेकवून पाहिलं.
मग जमिनीवर ठेवून बराच वेळ उकिडवा बसला.
"आजी, हा बैल नाही. हा गोऱ्हा आहे."
"गोऱ्हाच आहे," मी म्हटलं.
"वर्षभरात वाढते."
त्याला पटलं.
दोरी धरून निघाला, बोजारा मागत,
आमच्याच दारापासून.

रात्री तेच बिल पुन्हा काढलं.
साठ लिंबांवर काट मारली.
पुढच्या पोळ्याला: कच्ची नव्वद.
पांढरी साडेतीनशे.
थांब, चारशे.
आणि शब्द दिलाच आहे,
तर वाढीसाठी
वर अजून थोडी.