मडक्याचं बूड

उपकेंद्राच्या कपाटात डबा आला,
गोळ्या मातकट, चपट्या, उग्र वासाच्या.
वर लिहिलेलं यीस्ट,
खाली मुंग्यांएवढ्या अक्षरांत जीवनसत्त्वांची रांग.
डॉक्टर म्हणाले, ज्यांचं तोंड सारखं येतं,
ओठांचे कोपरे चिरतात, त्यांना द्या.
जेवणावर दोन.

मी यादी केली.
चिंधू मेश्रामची सून,
आश्रमशाळेतून परत आलेली दोन पोरं,
आणि टोलीवरची सोमारी कुमरे,
जी सहा महिने भात, मीठ
आणि चिंचेच्या सारावर आहे.
तिचं नाव लिहिताना पेन अडलं.
शाई होती.

बारा वर्षांपूर्वी आम्ही चौदा जणी
टॉर्च आणि काठ्या घेऊन
नाल्याच्या काठी गेलो होतो.
बेशरमाच्या झुडपात तीन मडकी,
मोहाचा सडवा, चौथ्या दिवसाचा,
झाकण काढलं तर आतून
झोपेत कुणी पुटपुटावं तसा आवाज.
पहिली लाथ माझी होती.
माझ्या घरी तेव्हा रोज रात्री जे व्हायचं
ते सगळं त्या लाथेत होतं.
सोमारी एका बाजूला उभी राहिली.
रडली नाही, शिवी दिली नाही.
तिसऱ्या मडक्याचं फक्त झाकण फुटलं नव्हतं,
ते काखेत मारून घरी गेली.
आठ दिवस नाल्याला वास होता.
पंचफुलाचं वासरू त्या पाण्याला लागलं,
भर दुपारी तिरपं चालायचं.

आता तिच्या ओट्यावर मी.
जीभ दाखव म्हटलं.
लाल. कोवळं सागाचं पान तळहातावर चोळलं
की उरतो तसा रंग.
तिनं गोळी घेतली, तोंडात नाही टाकली,
नाकाशी नेली.
डोळे मिटले.
बराच वेळ मिटलेले राहिले.
मग म्हणाली,
"हे त माह्या मडक्याचं बूड होय व, निरुता."

मी पुस्तकातलं सांगायला लागले,
की हे बारीक जीव असतात, गोडावर वाढतात,
मग ते धुतात, वाळवतात,
त्यांच्यात ब गटाचं बरंच काही...
"थांब. जिते हायेत का मेले?"
मेलेले, मावशी.
"मंग बरं. जिते असते त तुले पुन्हा
माह्या पोटावर लाथ मारा लागली असती."

आणि हसली.
चिरलेला कोपरा उघडला, टिपूस रक्त आलं,
तरी हसत राहिली.
मला कुठे बघावं कळेना.
छपरावर दुधी भोपळा होता, त्याच्याकडे बघितलं.

म्हणाली, सासू खालचा गाळ फेकत नसे.
व्यालेल्या गाईला घाली, कोंड्यात कालवून.
बाळंतिणीला बोटभर चाटवी,
कुणाला सांगायचं नाही म्हणे.
"आता डब्यात आला त औषीद झाला."
हे मी रजिस्टरमध्ये कुठे लिहू?
शेऱ्याचा रकाना दीड इंचाचा आहे.

मी तेवढंच लिहिलं: गोळ्या दिल्या. समजावलं.
कुणी कुणाला, ते नाही लिहिलं.

दुसऱ्या महिन्यात ओठ भरून आले.
गोळ्यांनी, की मी सोबत नेलेल्या अंड्यांनी,
सांगता येत नाही.
पोरांनी त्यांच्या गोळ्या कोंबड्यांना टाकल्या,
त्या कोंबड्या मात्र टवटवीत आहेत.
तिसऱ्या महिन्यात डबा संपला.
वरून नवीन आला नाही,
मी दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं.

काल सोमारी उपकेंद्रावर आली.
रिकामा डबा घासूनपुसून,
आत वाळलेली मोहफुलं, गच्च भरलेली.
माझ्या ओठाच्या कोपऱ्याकडे बोट केलं.
मला माहीतच नव्हतं, मलाही चीर पडली आहे.

"भाजून खाय, भाकरीत घाल.
पन पान्यात चार दिस ठेवू नोको हां," ती म्हणाली,
"गुन्हा होते."