दोन नाणी

हमामात्सु. स्टेशनामागची गल्ली.
खाली ईल भाजणाऱ्याचं दुकान, वर आमचं गेमघर,
म्हणून आमच्याकडची प्रत्येक लढाई
सोया सॉसच्या वासात व्हायची.

मी तिथे नाणी मोजायला होते.
रात्री अकराला यंत्रांची पोटं उघडायची,
शंभर-शंभर येनांचे मनोरे रचायचे, पन्नासाचा एक.
हाताला धातूचा वास. साबणाला दाद न देणारा.

कोपऱ्यातलं यंत्र आगीचं.
जळती इमारत, नऊ मजले, दोन बंबवाले,
एक लाल, एक पिवळा, आणि दोघांत मिळून एकच पाइप.
एकजण फार पुढे गेला की पाइप ताणला जाई
आणि पाणी बंद.
नियम एवढाच. बाकी सगळी आग.

चौथ्या मजल्यावर एक दार होतं.
एकाने ते धरून ठेवायचं, दुसऱ्याने आतल्या बाईला काढायचं.
एकटा माणूस तिथून पुढे गेलेला
मी तरी पाहिला नाही.

काझुओमि शाळा सोडलेला, केस पिवळे केलेला,
आईला न सांगता रोज सहाला हजर.
आदिल्सन मियासातो सायलेन्सरच्या कारखान्यातून थेट,
आडनाव आमचं, डोळे आमचे, तोंडात पोर्तुगीज.
त्याचे आजोबा ओकिनावाहून कॉफी तोडायला गेले होते;
नातू उलट्या वाटेने आला, बोल्ट आवळायला.

नमस्कार नाही, चमत्कार नाही.
काझुओमि खेळत होता, शेजारी दुसरं नाणं पडलं.
तो आवाज मला झोपेतही कळतो.

आठवडाभर दोघे मुके.
मग तिसऱ्या मजल्यावरचा बॉयलर फुटला
आणि एक ओरडला, मिझु!
दुसरा ओरडला, आग्वा!
दोघांनाही पाणीच हवं होतं.
पुढच्या महिन्यात मी ऐकलं तर
काझुओमि आग्वा म्हणत होता,
आदिल्सन मिझु.
याहून जास्त भाषा त्यांनी केली नाही.

फेब्रुवारीत, कोरडा वारा काचा हलवत असताना,
ते नवव्या मजल्यावर पोचले.
यंत्राने तीन अक्षरांचं नाव मागितलं.
एकाने के टाकलं, एकाने ए,
तिसऱ्या घरात काय भरायचं यावर खाणाखुणा चालल्या
तोवर वेळ संपली. यंत्राने आपलंच एक ए ठेवून दिलं.
के ए ए. सगळ्यात वर.

त्या यंत्राला स्मरण नव्हतं.
रात्री बटण बंद केलं की नावं पुसली जात,
सकाळी कारखान्याने भरलेली खोटी नावं परत.
त्या रात्री मी बटण बंद केलं नाही.
दुसऱ्या रात्रीही नाही.
नागासाका-सान विजेचं बिल घेऊन आले.
मी म्हटलं, बटण अडकलंय.
पडद्यावरची आग कोपऱ्यात एकटीच जळत राहिली, बिनमाणसांची.

मार्चमध्ये कारखान्याने माणसं कमी केली.
कुणी म्हणे आदिल्सन ओइझुमीला गेला, कुणी म्हणे घरी.
काझुओमि नऊ दिवस आला.
दर वेळी दोन नाणी टाकायचा.
पिवळा जिन्यापाशी उभा, हलत नाही,
लाल पाइपच्या टोकापर्यंत जायचा आणि थांबायचा,
आग चालत त्याच्याकडे यायची.
मी सांगू शकले असते, अरे, एकाचं तिकीट काढ.
सांगितलं नाही. माझं काम मोजण्याचं.

सप्टेंबरच्या तुफानात अख्ख्या वस्तीची वीज गेली.
त्या रात्री मेणबत्तीवर मनोरा रचला,
सदतीसवर थांबला.

आता मी सत्तरीची. परवा कढईत तेल भडकलं
(तेलाच्या आगीवर पाणी ओतत नाहीत, माहीत आहे मला),
तरी तोंडून पाणीच निघालं,
आणि ते मिझु नव्हतं.
मग मी झाकण ठेवलं.