एकच बेल

जिंतूर–परभणी, सकाळी सातची गाडी.
बोरीच्या पुढं एका खड्ड्यात
डोकं वरच्या दांडीला लागलं.
रक्त नाही, टाका नाही,
त्या दिवशी तिकिटंसुद्धा पुरी फाडली मी.

आठ महिने झाले.
रिपोर्टात सगळं बरोबर लिहिलंय.
पण पंखा फिरला की भिंत त्याच्यामागं निघते.
जाऊ ज्वारी पाखडते,
सूप थांबतं, अंगण हलत राहतं.
भर मे महिन्यात पंखा बंद ठेवून
घरातली चौघं माझ्यापायी घामानं निथळतात
आणि कुणी काही बोलत नाही,
तेच जास्त लागतं.

लेक आता बाजूनं पळत येत नाही.
समोर उभी राहून विचारते, "आई, येऊ का?"
सहा वर्षांची आहे.

डेपोत म्हणतात, चक्कर येते का?
चक्कर नाही हो.
भरल्या घागरीसारखं आहे,
मी थांबते, आतलं पाणी थांबत नाही.

सध्या हिशेबाच्या टेबलावर बसते, खिडकीला पाठ करून.
चिल्लरीचे ढीग लावते. ते बरे, जागचे हलत नाहीत.
तरी गाडी सुटताना दोरीचा टण् टण् ऐकला
की बोटं टेबलाखाली आपोआप आवळतात.

काल घरी चालत निघाले,
नजर लांबच्या पाण्याच्या टाकीवर रोवून.
मधेच शेळ्यांचा कळप आडवा आला.
डोळे मिटले,
मनातल्या मनात एकच बेल दिली.
शेळ्या कशाला थांबतात!
मागचा पोरगा ओरडला, "मावशी, हलू नका,
त्या काढतात बरोबर वाट."