कोलॅप्सिबल

लोक चॅनल गेट म्हणतात.
आम्ही कोटेशनवर लिहायचो कोलॅप्सिबल,
कारण त्या शब्दाचे फुटामागे वीस रुपये जास्त मिळतात
असं गांगुर्डे मिस्त्रींचं म्हणणं.
स्पेलिंग त्यांनीच शिकवलं मला,
अंबडच्या शेडमध्ये, पत्र्यावर खडूनं:
दोन एल, एक पी,
आणि एसच्या पुढे ए नाही रे, आय.
स्वतः सातवीपर्यंत, नांदूर शिंगोट्याला.

अर्थ काय, मी विचारलं होतं.
त्यांनी तयार गेटाला हात लावला.
बारा फूट लोखंड
कर्रर्र करत भिंतीशी जाऊन हातभर झालं.
"हा अर्थ."
मग परत ओढलं. फुल्या उघडत गेल्या,
फुलीतून फुली, रिव्हेटवर रिव्हेट.
"आणि हा पण."

टीव्हीवर काय काय कोलॅप्स व्हायचं,
शेअर बाजार, कुठला तरी पूल, कुठलं तरी सरकार.
मिस्त्री चहाच्या टपरीवर हसायचे,
"आपलं बरं. आपलं रोजचंच आहे."

मंगळवारी पाथर्डी फाट्याला
पतसंस्थेच्या दारात वरचा ट्रॅक बसवून
ते शिडीवरून उतरले,
पाना माझ्या हातात दिला,
म्हणाले, "लेव्हल बघ जरा,"
आणि बसले.
पडले नाहीत.
येईल त्याला सांगतोय मी, पडले नाहीत.
आधी गुडघे, मग कंबर, मग मान,
एकेक सांधा मिटत
भिंतीशी जाऊन हातभर झाले.

रिक्षावाल्यानं मुंबई नाक्याचा सिग्नल तोडला.
सिव्हिलमध्ये डॉक्टर म्हणजे पोरगीच होती,
माझ्या बहिणीएवढी.
"कोलॅप्स झालेत," ती म्हणाली, "आणतानाच."

खोटं कशाला बोलू,
मला बरं वाटलं.
माझ्या धंद्यातला शब्द.
मिटलेत म्हणजे उघडतील.
खालच्या पट्टीत खडा अडकला असेल,
एखादा रिव्हेट जाम असेल,
थोडं ग्रीस लावायचं, दोन्ही हातांनी ओढायचं, झटका न देता.
झटका दिला की मिस्त्री ओरडायचे,
गेटाला झटका देत नसतात, समजूत घालत असतात.
मी तिच्या हातांकडे बघत उभा,
कधी सुरू करते म्हणून.

तिनं पेन काढलं
आणि वेळ लिहिली.

रात्री कामटवाड्यात, खोलीभर बायका,
भागामावशीनं मलाच विचारलं,
"डागदर काय म्हणला?"
दुसरं काही सुचेना. म्हणालो, कोलॅप्स.
तिनं तो जिभेवर घोळवला,
कोला, कोल,
आणि मग सापडल्यासारखं,
"कोलमडले व्हय.
वेलासगट मांडव कोलमडतो तसे."

हां, म्हणालो.
इंग्रजीत काय, मराठीत काय,
पहिली दोन अक्षरं तर सारखीच आहेत.
पण मांडवाला कुणी दुसऱ्या दिवशी
हँडल धरून उघडत नाही,
हे तिला माहीत होतं
आणि मला बारा वर्षं त्या धंद्यात राहून नव्हतं.

गेट मी शनिवारी पुरं केलं.
लेव्हल बघितली.
अर्धा सूत डावीकडे होता ट्रॅक.
मिस्त्रींच्या हातून, अर्धा सूत.
तसाच राहू दिला.

बिल लिहिताना चॅनल गेट लिहिलं.
मॅनेजरनं चष्मा वर केला,
"कोटेशनवर तर काहीतरी वेगळं होतं."
तेच आहे, म्हणालो,
फुटामागे वीस कमी करा.
तो खूश झाला, उठला,
गेट मिटवून बघायला लागला, उघडून, परत मिटवून,
नवी वस्तू आल्यावर माणूस बघतो तसं.

मला त्याला सांगायचं होतं,
साहेब, जरा वेळ
उघडंच राहू द्या.