टोकाची साखर

"शुगर नाही की ओ मला," भरमाण्णा म्हणाले,
"दर सहा महिन्याला बघायलोय."
मी म्हटलं, ही ती साखर नव्हे.

संकेश्वरच्या पुढं, कारखान्याच्या काट्यावर
एकतीस गळीत हंगाम ट्रॅक्टर मोजले त्यांनी.
आधी भरलेला, मग रिकामा.
मधला फरक तेवढा खरा, असं मानणारा माणूस.
त्याला कसं सांगू,
प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरेची लव असते,
उसाला तुरा यावा तशी,
आणि पेशी एकमेकींना ओळखतात ती लव चाचपून,
अंधारात, बोटांनी.

बेळगावात मी स्लाइडी रंगवते.
साखर असेल तिथं रंग धरतो,
आमसुलाचं पाणी सांडल्यासारखा.
भरमाण्णांच्या स्वादुपिंडाच्या तुकड्यात
तो नको तिथं सांडला होता.

कोगनोळीच्या नाक्यावर
तंट्याच्या दिवसांत गाड्या अडवायचे,
नंबर बघायचे, बोली ऐकायचे.
माझा मामा काच खाली करून
"नमस्कार री सर" म्हणाला
आणि सुटला.
बिघडलेली पेशी असंच करते.
साखळीच्या टोकाला एक आंबट साखर लावते,
चोरीची नाही, घरचीच,
फक्त जरा जास्त.
राखणदार पेशी येते, टोक चाचपते,
आपलंच माणूस आहे, जाऊ दे.

त्या साखळीचे तुकडे रक्तात शोधायची तपासणी असते.
भरमाण्णांचा आकडा आला शून्याला टेकून.
सून, पद्मश्री, कुंद्याचा डबा घेऊन आली,
सगळ्या टेबलांवर वाटला.
मी हातात घेतला, खाल्ला नाही.
काही माणसांच्या अंगात
ती साखळी जन्मापासून बनतच नाही,
शंभरात पाच-सात जणांच्या.
आत काहीही वाढू दे,
रक्त गप्प.

"म्हणजे काटाच बिघडलाय म्हण."
नाही भरमाण्णा, काटा बरोबर आहे.
तो जे मोजतो ते तुमच्यात नाही.

बराच वेळ ते खिडकीतून
खालच्या दोन लिप्यांतल्या पाटीकडं बघत बसले.
वरची लिपी पुसून कुणी काळं फासलेलं,
खालची वाचता येत होती.
मग हळूच विचारलं,
"रिकाम्याचं वजन
घेतलं होतं का कुणी
आधी?"

कुणीच घेतलं नव्हतं.
कुंदा माझ्या हातात
विरघळायला लागला होता.