प्रश्न एकेचाळीसावा

एस्बियरच्या बंदराकडून वारा येतो
आणि माझ्या ऑफिसच्या खिडकीची फट
कुणी झोपेत घोरावं तशी दिवसभर वाजते.
पवनचक्क्यांची पाती इथूनच बोटीवर चढतात,
एकेक पातं आमच्या गल्लीहून लांब.
वाऱ्यावर पोट भरणाऱ्या या गावात
माझी नोकरी म्हणजे फोन करून विचारणं,
तुम्हाला श्वास पुरतो का?

बाराव्या आठवड्यात एकदा, तिसाव्यात एकदा,
मग मूल दीड वर्षाचं झालं की,
मग सातव्या वर्षी.
प्रश्न छापील आहेत. मी नुसता आवाज.

सिडसेल यॅप्पेसननं नवव्या रिंगला उचलला.
जिना चढून आले, म्हणाली,
आणि पुढचं वाक्य येईपर्यंत
तिच्या छातीतलं स्वयंपाकघर मला ऐकू आलं,
किटलीची बारीक शिटी,
झाकणाखालची रटरट.
दमानं घ्या, मी म्हणाले.
हे छापील नव्हतं.

प्रश्न एकेचाळीसावा: दिवस गेल्यापासून
दम्याच्या औषधात काही बदल?
बंद केलं. निळा पंपही, तपकिरीही.
न्हाणीतल्या कपाटात आहेत, वरच्या फळीवर.
सासूबाई म्हणाल्या, पोटातल्याला कशाला औषध.
मलाही ते पटलं.
खोकला माझा, तो का म्हणून गिळेल?

टेबलावर नियम चिकटवलेला:
सल्ला द्यायचा नाही.
ऐका, खूण करा, पुढे जा.
मी 'पूर्णपणे बंद'च्या चौकोनात फुली मारली.
बेचाळीसावा प्रश्न मांजरांचा होता.
मांजर झालं, गालिचा झाला, सिगारेट झाली,
आणि मग खुर्ची भिंतीकडे फिरवून
आवाज खाली आणून मी म्हणाले,
तुमच्या रक्तातून जाते तेवढीच हवा त्याची.
त्याला वेगळी खिडकी नाही.
उद्या सुईणीला विचारा.
उद्या नको, आज.

तिनं विचारलं नसावं.
तिसाव्या आठवड्यात फोन नवऱ्यानं घेतला.
आता बरी आहे, म्हणाला, इस्पितळातून आणली,
दोन्ही पंप घेते, वेळेवर.
कुणाचं ऐकून नाही.
एका पहाटे तिचे ओठ निळे पडले,
त्या पंपासारखेच निळे.

मुलाचं नाव ठेवलं स्टॉर्म, म्हणजे वादळ.
दीड वर्षाचा असताना कान दोनदा फुटले,
न्यूमोनिया एकदा,
आणि रात्री छातीत पिसवासारखं वाजतं,
हे तिनं मी विचारायच्या आधी सांगितलं.

सातव्या वर्षी स्टॉर्म स्वतः आला, नळीत फुंकायला.
पडद्यावर बारा मेणबत्त्या असतात,
फुंकर जशी लांबते तशा विझत जातात.
जीव खाऊन फुंकलं त्यानं,
मान लाल, खांदे कानांपर्यंत.
सात विझल्या.
पाच तशाच जळत राहिल्या
आणि सिडसेल त्या पाचांकडे बघत राहिली.

माझ्यामुळे?
हा प्रश्न आमच्या कागदात नाही.
मी सांगितलं, दमा तुमच्या आईलाही होता,
इथली हवा आहे, नशीब आहे,
हजारो आयांची बेरीज
एका आईला उत्तर देत नाही.
सगळं खरं होतं. ती मान हलवत होती.
आधी फुली मारली, मग बोलले,
मध्ये एक मांजर आणि एक गालिचा गेला,
हे मी सांगितलं नाही.

आणखी दोनदा फुंकावं लागतं, मी स्टॉर्मला म्हणाले,
जरा दम धर.
कशाला? तो म्हणाला.
मी सात वर्षांचा आहे. सातच विझवायच्या असतात ना?

शेरा लिहायला शेवटी अर्धी ओळ असते.
तिथं आम्ही बहुधा 'सहकार्य चांगले' लिहितो.
मी लिहिलं,
वय सात, मेणबत्त्या सात,
मुलाच्या मते बरोबर.