थंड बाजू

वादळाच्या चौथ्या दिवशी
मी ती वडी घेऊन विल्फच्या दारात उभी राहिले.
रॉथबरीच्या वरच्या अंगाला आमची दोनच घरं,
आणि चूल फक्त त्याच्याकडे:
काळी, पुढचा एक पाय विटेवर टेकलेला.
घरोघरी मातीच्या; इथे बिडाची, एवढंच.

विल्फ चार्लटन, वय चौऱ्याऐंशी.
कानातली यंत्रं मंगळवारीच मेली होती.
मी एका पाकिटाच्या पाठीवर लिहिलं:
वीज. चुलीतून. थोडीशी.
त्याने चष्मा लावून वाचलं
आणि काही न बोलता बर्चची दोन लाकडं आत सारली.

वडी म्हणजे शंकरपाळ्याएवढी, पांढरी,
दोन वायरी लोंबणारी.
एका अंगाला चटका, दुसऱ्या अंगाला गारवा,
मधल्या तफावतीतून वीज निघते.
नुसत्या आगीतून नाही.
हेच पटवता पटवता माझी तीन वर्षं गेली प्रयोगशाळेत.
सगळे विचारायचे, जाळ किती?
थंड बाजूचं कुणी विचारलं नाही.
दोन्ही अंगं सारखी तापली
की काटा निमूट शून्यावर येऊन बसतो.

म्हणून चुलीवर ॲल्युमिनियमची पट्टी, पट्टीवर वडी,
वडीवर विल्फचं दुधाचं पातेलं, काठोकाठ बर्फ भरलेलं.
दीड व्होल्ट.
एक पूर्णांक नऊ.
सव्वादोन.
पुढे माझी डबी त्याचे पाच करते.
एवढ्या धडधडत्या जाळातून जेमतेम तीन वॉट.
फोन किंवा कान, दोन्ही एकदम नाही.
विल्फने फोनकडे बोट दाखवलं.

वायर ताणून खिडकीपाशी. सिग्नलची एकच दांडी.
अक्काला लावला. सांगोल्यात रात्रीचे दहा.
समोरच्याला ऐकू येत नाही, आणि मराठी तर नाहीच,
या दुहेरी भिंतीआड
मी सगळं बोलून टाकलं:
की कंपनीने तोंडाला पानं पुसून सात महिने झाले,
की तुला पाठवते ते पैसे साठवणीतले,
की शंभर नग भंगारात गेले आणि हा एक
मी जेवणाच्या डब्यात लपवून आणला,
की सध्या खालच्या फार्मवर मेंढ्यांना गवत टाकते,
आणि ते मला आवडतं,
हे सांगायलाच सगळ्यात जड गेलं.

अक्का गप्प.
मग म्हणाली, "घाल चुलीत ती नोकरी."
मला हसू फुटलं. "अगं, चुलीवरच आहे."
तिला वाटलं, मी रडतेय.

मधेमधे पातेल्यातलं पाणी कोमट व्हायचं
आणि फोन आचके द्यायला लागायचा.
मी हात करायच्या आत
विल्फ उठलेला असायचा: टोपी, कोट, केराचं सुपलं,
दार उघडून अंगणातला बर्फ.
कोमट पाणी मोरीत, ताजा बर्फ पातेल्यात.
तीनदा.
चौथ्यांदा उंबऱ्यावर घसरला,
चौकट धरून तसाच उभा राहिला क्षणभर,
पण सुपलं तिरपं होऊ दिलं नाही.

रात्री कानांचा नंबर.
दोन तासांनी हिरवा ठिपका लागला.
त्याने यंत्रं बसवली, मान वाकडी केली.
फ्रिज गप्प, बॉयलर गप्प,
सगळ्या खोऱ्यात एक बटण चालू नाही.
"हे काय वाजतंय?"
जाळ उतरला होता. बीड निवताना टिकटिकत होतं.
"चाळीस वर्षं घरात आहे," तो म्हणाला,
"आणि ही बोलते होय!"

मी वायरी गुंडाळायला घेतल्या.
तो चुलीकडेच बघत होता.
"तिकडे जे कोणी होतं," म्हणाला,
"त्यांना सांग, बर्फ पुष्कळ आहे."